भूगोलाच्या आड लपलेली माणसे

अमेरिका बलाढ्य का झाली? इतिहासाची पुस्तके ठरलेले उत्तर देतात : दोन बाजूंना महासागर, मध्ये मिसिसिपीचे सुपीक खोरे, पश्चिमेला पसरत जाणारी जमीन. हे विवेचन खोटे नाही. ते अर्धे आहे. आणि अर्धे सत्य नेहमी कुणाच्या तरी सोयीचे असते.

मी जूचंद्रचा. माझ्या वडिलांचे आयुष्य मिठागरावर मजुरी करण्यात गेले. आमच्या दक्षिणेला वसईची खाडी, तिच्या मुखावर किल्ला. 1534 साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली. 1739 साली चिमाजी आप्पाने ती जिंकली. 31 डिसेंबर 1802 रोजी दुसऱ्या बाजीरावाने इथेच इंग्रजांशी तह केला आणि त्यांच्या फौजेच्या खर्चासाठी 26 लाख उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला. त्यानंतर चारच महिन्यांनी अमेरिकेने दीड कोटी डॉलरला फ्रान्सकडून लुइझियाना विकत घेतला आणि तिचा प्रदेश जवळजवळ दुप्पट झाला. दोन्हीकडे जमीन कागदावर हलली. त्या जमिनीवर राहणाऱ्याला कुणी विचारले?

मिसिसिपीने कापूस वेचला नाही. तो गुलाम काळ्या माणसांनी वेचला. ती जमीन रिकामी नव्हती. 1830 च्या कायद्याचा आधार घेऊन चेरोकी, चॉक्टॉ आदी मूळ रहिवाशांना हुसकावून ती रिकामी केली गेली. तसेच 26 लाखांचे उत्पन्न जमिनीतून आपोआप उगवत नव्हते. त्यामागे कसणाऱ्याचा घाम होता. आमचे इतिहासकार वसईच्या तोफा मोजतात. खाडीकाठी बांध घालणाऱ्या हातांची मोजदाद करीत नाहीत.

जोतीराव फुल्यांची दृष्टी वेगळी होती. 1873 साली त्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकनांना. अमेरिकेचा मोठेपणा त्यांनी तिच्या विस्तारात शोधला नाही. 1972 साली ‘दलित पँथर’ने ‘ब्लॅक पँथर’वरून नाव घेतले, तेही त्या देशाच्या सत्तेकडे पाहून नव्हे, त्या सत्तेशी झुंजणाऱ्यांकडे पाहून.

आज आमच्याकडे मिठागरांच्या जमिनीचे भाव बोलले जातात. उद्या कुणी लिहील, मुंबईच्या जवळिकीने हा भाग संपन्न झाला. भूगोलाला श्रेय दिले की हिशेब द्यावा लागत नाही. म्हणून असे वाक्य वाचताना आपण एवढेच विचारावे : जमीन कुणाची होती आणि राबले कोण?