मेलबर्नचे हेमाडपंत

आजचा विषय गोल्फच्या मैदानांचा आहे, पण सुरुवात अंबरनाथपासून करू. अंबरनाथचं शिवमंदिर शके ९८२ चं, म्हणजे इसवी सन १०६० चं. हेमाद्री पंडित, आपला हेमाडपंत, यादवांच्या दरबारात आला तो त्यानंतर सुमारे दोनशे वर्षांनी. तरीही देऊळ कोणत्या पद्धतीचं असं विचारलं की उत्तर ठरलेलं: हेमाडपंती. काळा दगड दिसला, सांध्यात चुना दिसला नाही, की झालं. कित्येक पिढ्यांचे पाथरवट एका प्रधानाच्या खात्यावर जमा झाले.

मेलबर्नच्या ‘सँडबेल्ट’वरचं लेखन वाचताना आम्हाला हेच आठवत राहतं. तिथले हेमाडपंत म्हणजे डॉ. ॲलिस्टर मॅकेन्झी.

आधी जागा समजून घेऊ. मेलबर्न शहराच्या आग्नेयेला, ब्लॅक रॉक, सँडरिंगहॅम, चेल्टनहॅम या उपनगरांच्या खाली वाळूचा पट्टा आहे. वाळूतून पाणी झिरपून जातं, जमीन कोरडी आणि टणक राहते, टप्पा पडलेला चेंडू लांब घरंगळतो. गोल्फला याहून चांगली जमीन मिळत नाही. म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला क्लब शहराच्या आतल्या भागांतून इकडे सरकले. रॉयल मेलबर्न क्लब स्थापन झाला १८९१ मध्ये आणि इकडे आला १९०१ मध्ये. क्लबांच्या इतिहासात या जमिनीला ‘ओसाड माळ’ म्हणायची पद्धत आहे. ती बूनवरुंग लोकांची भूमी होती. ओसाड हा शब्द नेहमी नंतर आलेले लोक वापरतात, हे आपल्यालाही ठाऊक आहे.

मॅकेन्झी मूळचे वैद्यकीय डॉक्टर. बोअर युद्धात ते होते. बोअर सैनिक खंदक आणि माती अशा बेमालूम लपवत की समोरच्याला पत्ता लागत नसे, हे त्यांनी तिथे पाहिलं. पुढे पहिल्या महायुद्धात त्यांनी छद्मावरणाचं काम केलं आणि तीच नजर गोल्फमध्ये आणली. माणसाने केलेला उंचवटा निसर्गाने केल्यासारखा दिसला पाहिजे. १९२० मध्ये त्यांचं या विषयावरचं छोटं पुस्तक आलं. १९२६ च्या अखेरीस ते मेलबर्नला आले, काही आठवडे राहिले, आराखडे दिले, सल्ले दिले, आणि गेले. परत कधीच आले नाहीत. रॉयल मेलबर्नचा वेस्ट कोर्स १९३१ मध्ये खुला झाला. १९३४ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियात त्यांचं निधन झालं. ज्या मैदानामुळे त्यांचं नाव ऑस्ट्रेलियात घेतलं जातं, ते पूर्ण झालेलं त्यांनी पाहिलंच नाही.

मग ते मैदान बांधलं कोणी? मिक मॉरकॉम या क्लबच्या ग्रीनकीपरने. घोडे, नांगर आणि माती ओढायचे लोखंडी सूप एवढ्या साहित्यावर. सोबत होते ॲलेक्स रसेल, १९२४ ची ऑस्ट्रेलियन ओपन हौशी खेळाडू म्हणून जिंकलेले. मॅकेन्झींनी त्यांना जोडीदार म्हणून निवडलं आणि मागे ठेवलं.

वेस्ट कोर्सचा सहावा होल घ्या. गोल्फ न खेळणाऱ्यांनी डोळ्यांसमोर घाटातलं वळण आणावं. रस्ता उजवीकडे वळतो आणि वळणाच्या आतल्या कोपऱ्यात बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, तोंड वासून बसलेले. डावीकडे भरपूर मोकळी जागा आहे, तिकडे खुशाल मारा, कोणी अडवत नाही. पण मग पुढचा फटका लांबचा होतो आणि कोनही वाईट मिळतो. खड्ड्यांवरून मारायची हिंमत केली आणि साधली, तर ग्रीन जवळ येतं. ग्रीन उंचावर, मागून पुढे चांगलंच उतरतं. चेंडू भोकाच्या वरच्या बाजूला राहिला, तर नुसता स्पर्श केला तरी तो घरंगळत जातो. शिक्षा कुठेही लिहिलेली नाही. लोभ दाखवला की तुम्ही स्वतःच ती ओढवून घेता. हा विचार मॅकेन्झींचा, यात शंका नाही.

पण तो उतार किती अंशांचा, खड्ड्याची कड ग्रीनला नेमकी कुठे भिडवायची, हे कागदावर ठरत नाही. सँडबेल्टची ओळखच ती: बंकरची कड थेट ग्रीनच्या कापलेल्या गवतापर्यंत येते, मध्ये झालर नाही. हे हाताचं काम आहे, बरं का.

आणि पुरावा शेजारीच आहे. रॉयल मेलबर्नचा ईस्ट कोर्स रसेल यांचा, १९३२ चा. मोठ्या स्पर्धांसाठी १९५९ पासून दोन्ही मैदानांतले होल एकत्र करून अठरा होल खेळवतात: बारा वेस्टचे, सहा ईस्टचे. २०१९ ची प्रेसिडेंट्स कप तिथेच झाली. आम्ही ती टीव्हीवर पाहिली, आणि नकाशा हातात नसता तर रसेल कुठे सुरू होतात आणि मॅकेन्झी कुठे थांबतात हे सांगता आलं नसतं. समालोचक मात्र सगळ्यालाच मॅकेन्झी म्हणत होते.

किंग्स्टन हीथचं प्रकरण याहून उघड आहे. त्याची मूळ आखणी डॅन सूटार यांची. मॅकेन्झींनी बंकरांची योजना दिली आणि पंधरावा होल बदलून आखूड, एका फटक्यात ग्रीन गाठायचा केला. तो होल अप्रतिम आहे, मान्य. पण सपाट, चिंचोळ्या जागेत अठरा होल न चेंगरता बसवणं हे जास्त अवघड काम होतं, आणि ते सूटार यांनी केलं. याद्यांमध्ये त्यांचं नाव दुसरं येतं, किंवा येतच नाही.

कोणी म्हणेल, नावात काय आहे? क्लबांसाठी बरंच काही आहे. गेली काही वर्षं जुनी छायाचित्रं काढून मैदानं ‘मूळ रूपात’ आणण्याची लाट आहे. मूळ म्हणजे कोणाचं? रॉयल मेलबर्नची निगा क्लॉड क्रॉकफर्ड यांनी सुमारे चार दशकं राखली. इतक्या काळात गवत, कडा, उतार हे सगळं राखणाऱ्याच्या हाताने थोडं थोडं घडत जातं. ते घडणं दोष समजून खरवडायचं, की मैदानाचाच भाग मानायचं? एकच कर्ता मानला की उत्तर सोपं होतं, आणि आमच्या मते चुकीचं होतं. आठ-दहा आठवड्यांच्या पाहुण्यासाठी चाळीस वर्षांचा घरचा माणूस पुसला जातो.

या परंपरेचा एक धागा आपल्याकडेही येतो. पीटर थॉमसन, पाच वेळा ब्रिटिश ओपन जिंकलेले, मेलबर्नचेच. १९६४ ची पहिली इंडियन ओपन त्यांनी जिंकली, नंतर १९६६ आणि १९७६ चीही. सत्तरच्या दशकात दिल्ली गोल्फ क्लबच्या मैदानाची पुनर्रचना त्यांनी केली. सँडबेल्टमध्ये वाढलेला माणूस, त्याने तिथली ऐसपैस रुंदी दिल्लीत आणली असती तर कोणाला नवल वाटलं नसतं. तसं झालं नाही. लोधी कोर्स अरुंदच राहिला: दोन्हीकडे काटेरी झुडपं, मोर, मध्येच जुन्या कबरींचे घुमट, लहान ग्रीन. लांब मारणाऱ्याला इथे काठी पिशवीतच ठेवावी लागे. आम्हाला हे थॉमसन यांचं मोठं श्रेय वाटतं. वाळू नाही तिथे त्यांनी वाळूचं सोंग आणलं नाही.

२०१९ मध्ये गॅरी प्लेअर यांच्या आराखड्याप्रमाणे तिथली ग्रीन्स नव्याने बांधली गेली. क्लबच्या जाहिरातींत आता त्यांचं नाव आहे. झुडपं कोण छाटतं, कुठवर छाटतं आणि कुठे हात आवरतं, त्याची नोंद आम्हाला सापडली नाही.