फ्रॅपेमध्ये रिक्वेस्ट अडवायची कुठे? हुक पद्धतीची एक चिकित्सा

वेब प्रोग्रामिंगच्या पेपरात मिडलवेअरवर प्रश्न हमखास येतो आणि त्याचे उत्तर मुलांना पाठ असते. प्रकल्पासाठी मात्र बरेच गट फ्रॅपे घेतात, आणि तिथे मिडलवेअरची यादीच सापडत नाही. "मग रिक्वेस्ट अडवायची कुठे?" हा प्रश्न के. आर. पुरममधल्या आमच्या प्रयोगशाळेत दरवर्षी निघतो. या टिपणात त्याचे उत्तर आहे आणि त्या निमित्ताने फ्रॅपेच्या रचनेबद्दल माझे मतही आहे. विवेचन आवृत्ती 15 समोर ठेवून केले आहे.

फ्रॅपे हे मुंबईत घडलेले मुक्त फ्रेमवर्क. रुषभ मेहता यांनी 2008 साली सुरू केलेल्या कंपनीचे ईआरपीनेक्स्ट त्याच्यावर उभे आहे. आपल्याकडे तयार झालेला आणि जगभर वापरला जाणारा असा कोड विद्यार्थ्यांनी वाचलाच पाहिजे. वाचताना त्याची परीक्षाही करावी.

१. तुलनेसाठी जँगो

जँगोमध्ये मिडलवेअर हे कांद्याच्या पापुद्र्यांसारखे असते. प्रत्येक थराला पुढचा थर हाती मिळतो. रिक्वेस्ट आत पाठवायची, बदलून पाठवायची, की दारातूनच रिस्पॉन्स देऊन परत फिरवायची, हे तो थर ठरवतो. ही रचना ऑगस्ट 2016 मध्ये आवृत्ती 1.10 पासून आली. त्याआधी जाण्याचे आणि येण्याचे फंक्शन वेगळे होते. एखाद्या थराने मधूनच रिस्पॉन्स दिला, तर ज्या थरांपर्यंत रिक्वेस्ट पोचलीच नव्हती त्यांचीही परतीची फंक्शन चालत. हा घोळ नव्या रचनेने मिटवला. शिवाय नव्या प्रकल्पात सात थरांची यादी एकाच फाइलमध्ये क्रमाने दिसते. लॉगिन ओळखणाऱ्या थराच्या खाली आपला थर लिहिला, की वापरकर्ता कोण हे आपल्याला माहीत असते.

२. फ्रॅपेची पद्धत

फ्रॅपेमध्ये प्रत्येक ॲपची स्वतःची हुक्स फाइल असते. 'बिफोर रिक्वेस्ट' आणि 'आफ्टर रिक्वेस्ट' या नावांखाली आपली फंक्शन नोंदवायची. फ्रेमवर्क ती ठरलेल्या जागी, ॲप ज्या क्रमाने बसवले असतील त्या क्रमाने बोलावते. खुद्द फ्रॅपेही रिक्वेस्टची संख्या मर्यादित ठेवण्याचे काम याच 'बिफोर रिक्वेस्ट'मधून करते. जे इतरांना दिले तेच स्वतः वापरले, ही जमेची बाजू.

दुसरी जमेची बाजू दस्तऐवजांच्या हुकची. बीजक जतन होताना किंवा सादर होताना आपला नियम चालवायचा असेल, तर मूळ ईआरपीनेक्स्टच्या कोडला हात लावावा लागत नाही. ॲप काढले की नियमही जातो. लहान गावातल्या कारखान्याला ईआरपी बसवून देणाऱ्यासाठी ही सोय मोलाची आहे.

३. उणीव कुठे आहे

'बिफोर रिक्वेस्ट'मधल्या फंक्शनने परत केलेली किंमत कोणी पाहत नाही. म्हणजे तिथून रिस्पॉन्स देता येत नाही. अडवायचेच असेल तर अपवाद फेकावा लागतो. जाण्याचे फंक्शन आणि येण्याचे फंक्शन एकमेकांना ओळखत नाहीत. मधली माहिती 'फ्रॅपे लोकल' या सामायिक जागेत ठेवून न्यावी लागते. आमच्या भागातल्या मुलांना मी मेट्रोचे उदाहरण देते. मार्च 2023 मध्ये व्हाइटफील्ड ते के. आर. पुरम मार्ग सुरू झाला, पण बैयप्पनहळ्ळीपर्यंतचा तुकडा ऑक्टोबरपर्यंत जोडला गेला नव्हता. दोन्हीकडे गाडी होती, मध्ये बस धरावी लागे. फ्रॅपेमध्ये ती बस म्हणजे 'फ्रॅपे लोकल'.

याचा प्रत्यक्ष फटका कुठे बसतो ते पाहू. समजा, गुणपत्रकाचे एक ॲप आहे. अट अशी: परीक्षा विभागाबाहेरच्या कोणी गुण बदलायचा प्रयत्न केला, तर तो नाकारायचा आणि प्रयत्नाची नोंद ठेवायची. विद्यार्थी दोन्ही कामे 'बिफोर रिक्वेस्ट'मध्ये लिहितो. आधी नोंद डेटाबेसमध्ये घालतो, मग अपवाद फेकतो. तपासले तर प्रयत्न नाकारला गेलेला असतो, पण नोंदीचा तक्ता कोरा. कारण सरळ आहे. अपवाद आला की फ्रॅपे त्या रिक्वेस्टमधले डेटाबेसचे सगळे बदल मागे घेते, आणि त्यांतच आपली नोंदही जाते. 'गेट' रिक्वेस्टच्या बाबतीत तर यश आले तरी डेटाबेसमधले बदल आपोआप कायम होत नाहीत. त्यामुळे कोणी गुण नुसते पाहिले याची नोंदही टिकत नाही.

हा नियम चुकीचा नाही. अर्धवट बीजक डेटाबेसमध्ये राहू नये यासाठी तो हवाच. पण हिशेबाच्या नोंदीला जो नियम योग्य, तोच पहाऱ्याच्या नोंदीला लागू होतो, आणि हुकच्या नावावरून याचा पत्ता लागत नाही.

दुसरी गोष्ट अधिक धोक्याची आहे. 'बिफोर रिक्वेस्ट' चालते तेव्हा कुकीवरून आलेला वापरकर्ता ओळखलेला असतो, पण टोकन किंवा एपीआय किल्ली घेऊन आलेल्याची ओळख त्यानंतर पटवली जाते. त्या क्षणी तो आपल्या फंक्शनला 'गेस्ट' म्हणूनच दिसतो. आपली तपासणी पाहुण्याला अडवणारी असेल, तर रास्त माणूस अडतो. पाहुण्याला सोडणारी असेल, तर नको तो आत जातो. ब्राउझरमध्ये चाचणी घेणाऱ्याला दोन्ही दिसणार नाही.

तिसरी उणीव ॲप अनेक झाल्यावर कळते. दस्तऐवजांच्या हुकमध्ये सर्व ॲपची फंक्शन चालतात. पण सर्व्हरवरची एखादी पद्धत दोन ॲपनी बदलली, तर शेवटी बसवलेल्या ॲपचीच चालते आणि आधीची गुपचूप बाजूला पडते. हुक्स फाइल एकच असली तरी नियम दोन आहेत.

४. मग करायचे काय

वापरकर्त्यावर अवलंबून असलेली तपासणी 'ऑथ हुक्स'मध्ये लिहावी. ती टोकन तपासल्यानंतर चालतात. नाकारलेल्या प्रयत्नांची नोंद डेटाबेसऐवजी लॉग फाइलमध्ये करावी, म्हणजे व्यवहार मागे घेतला तरी ती राहते. गुणांच्या खरेखोटेपणाचे नियम दस्तऐवजाच्या हुकमध्येच ठेवावेत, कारण दस्तऐवज जतन करून केलेला बदल कोणत्याही वाटेने आला तरी तिथून जातो. प्रत्येक चाचणी कुकीने एकदा आणि टोकनने एकदा घ्यावी.

माझे मत असे: फ्रॅपेची हुक पद्धत दस्तऐवजासाठी उत्तम आहे, दारावरच्या पहाऱ्यासाठी अपुरी. थरांची रचना आणली नाही तरी चालेल. पण कोणता हुक ओळख पटण्याआधी चालतो, कोणता नंतर, आणि त्याने लिहिलेले टिकते की नाही, हे हुकच्या नावाशेजारीच लिहिलेले असावे.

सरावासाठी: वरील गुणपत्रकाचे ॲप लिहा. नाकारलेल्या प्रयत्नाची नोंद आधी डेटाबेसमध्ये, मग फाइलमध्ये करून दोन्ही निकाल शेजारी मांडा. मग फ्रॅपेच्या ॲप फाइलमधले मुख्य फंक्शन उघडून त्याचे कारण सांगणारी ओळ शोधा.