साल्गादोचा कॅमेरा आणि चर्चगेटची गर्दी

या पानावर फोटो छापता येत नाही. म्हणून आधी फोटो सांगतो, मग भांडतो.

चर्चगेट स्टेशन, 1995. कॅमेरा उंचावर. फलाटाला लोकल उभ्या, ठाम, लोखंडी. आणि बाजूनं माणसं वाहताहेत. शटर सावकाश सोडल्यामुळं चेहरे उमटलेलेच नाहीत. नुसता करडा धूर, पावसाळ्यातल्या नाल्यासारखा. फोटो काढणारा ब्राझीलचा सेबास्तियाव साल्गादो. 2025 च्या मे महिन्यात तो पॅरिसला वारला, तेव्हा कुणीतरी हा फोटो माझ्या मोबाईलवर पाठवला. सूतगिरणीत रात्रपाळी चालू होती. पहिलं मनात आलं : ह्यात माझा आजा असंल.

आजा मुंबईच्या गिरणीत रिंगखात्यात होता. 1982 च्या संपानंतर गिरणीनं त्याला परत घेतलं नाही. 95 साली तो फोर्टात वॉचमन होता, रोज चर्चगेटला उतरायचा. म्हंजे फोटोत आहे, आणि नाही पण.

साल्गादो काही हौशी फोटोवाला नव्हे. अर्थशास्त्र शिकलेला माणूस. आंतरराष्ट्रीय कॉफी संघटनेतली नोकरी सोडून 1973 ला कॅमेऱ्याकडं आला. घाम कुठं गळतो आणि पैसा कुठं साठतो हे त्याला आकड्यांत माहीत होतं. ‘वर्कर्स’ हे त्याचं पुस्तक 1993 चं. एका मित्रानं कॉलेजच्या लायब्ररीत ते दाखवलं, मी तिथंच दोन तास बसलो. ब्राझीलमधली सेरा पेलाडा ही सोन्याची खाण, 1986. एका खड्ड्यात 50,000 च्या आसपास माणसं. पाठीवर मातीची पोती, उभ्या शिड्या, खालपासून वरपर्यंत मुंग्यांसारखी रांग. पण मी अडकलो दुसऱ्याच फोटोवर. पोलिसानं बंदूक रोखलीय आणि चिखलानं माखलेल्या उघड्या मजुरानं तिची नळी मुठीत धरलीय. भीक नाही, गयावया नाही. असा हात कुणी काढला तर त्याला मी माझा माणूस म्हणणारच.

पांढरपेशे टीकाकार म्हणतात, ह्यानं दुःख फार सुंदर करून विकलं. मला हे पटत नाही. शतकानुशतकं आमचं अंग बघायलासुद्धा ज्यांना विटाळ वाटला, त्यांच्या भिंतीवर ते अंग देखणं होऊन लागलं तर बिघडलं कुठं?

सुसान सोंटाग ह्या अमेरिकन लेखिकेचा 2003 चा आक्षेप मात्र टोकदार आहे. साल्गादोच्या स्थलांतरितांच्या फोटोंखाली माणसाचं नाव नसतं. मोठ्यांना नाव मिळतं, बाकीचे नुसते नमुने होतात. हे वाचलं तेव्हा मी टेबलावर मूठ आपटली. नंतर मात्र विचार करायला लागलो. आपल्याकडं नाव सांगितलं की लगेच पुढचा प्रश्न येतो, आडनाव काय? गाव सोडून शहरात आलेल्या आपल्या माणसाला ही बिनचेहऱ्याची गर्दीच पहिल्यांदा मोकळा श्वास देऊन गेली. लोकलमध्ये खांद्याला खांदा लागला तरी कुणी आंघोळ करत नाही. आजा हेच सांगतो.

पण गर्दी गिरणीच्या दारापर्यंतच. आत गेलं की जात उभी. धोट्यातली कांडी बदलताना सुताचं टोक तोंडानं ओढून घ्यावं लागे. आपल्या माणसाची थुंकी लागलेला धोटा सवर्णांना चालत नव्हता, म्हणून जादा मजुरीचं साचेखातं आपल्याला बंद. बाबासाहेबांनी 1928 च्या संपात हा सवाल कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर टाकला. साल्गादोनं धनबादच्या कोळसा खाणी काढल्यात. फोटोत सगळे सारखेच काळे. कोळशानं सगळ्यांना एका रंगाचं केलं आणि कॅमेऱ्यानं ते खरं मानलं. त्यातला कोण कुठल्या विहिरीवर पाणी भरतो, हे त्याला विचारावं वाटलं नाही. इथं त्याचं अर्थशास्त्र कमी पडलं.

पुढं रवांडातली कत्तल बघून हा माणूस आजारी पडला. माणसावरचा विश्वासच उडाला. 1998 ला बायको लेलियाबरोबर वडिलांच्या उजाड रानात त्यानं ‘इन्स्तितुतो तेरा’ सुरू केली. वीस लाखांवर झाडं उभी राहिली. तिथूनच ‘जेनेसिस’ (2013) : हिमनग, कासवं, घोरपडीसारख्या प्राण्याचा पंजा जणू चिलखतातला हात. सुंदर आहे, नाकारत नाही. पण ह्या कामाला पैसा दिला ‘वाले’ ह्या खाण कंपनीनं. तिची भागीदारी असलेल्या खाणीचा बांध 2015 ला फुटला, 19 माणसं मेली, आणि चिखल रिओ दोसे नदीतून वाहत त्याच्याच गावावरून गेला. खाणमजुराचा फोटोग्राफर खाणमालकाच्या पैशानं हिमनग काढतो, हे माझ्या घशाखाली उतरत नाही.

नंतरच्या पुस्तकात, ‘अमेझोनिया’त (2021), काहीतरी बदललं. जंगलातल्या कित्येक आदिवासींच्या फोटोखाली माणसाचं नाव आहे, गावाचं आहे. म्हंजे विचारता येत होतं.

आजाला चर्चगेटचा फोटो दाखवला. गर्दीकडं त्यानं बघितलंच नाही. लोकलवर बोट ठेवून म्हणाला, “ही स्लो हाय.” मी म्हटलं, आजा, ह्यात तू कुठं? तर म्हणाला, “रोजचाच येळ. असंन कुठं तरी.” आणि मोबाईल परत दिला.