लेफ्टनंट लो यांचा आरमारी इतिहास आणि ‘चांचे’ आंग्रे

इ. स. १८७७ मध्यें लंडन येथें दोन खंडांत प्रसिद्ध झालेला चार्ल्स रॅथबोन लो यांचा हिंदी आरमाराचा इतिहास मराठी आरमारावर लिहूं पाहणारे अभ्यासक अद्यापि हाताळतात. परभणी, पाथरी, गंगाखेड अशा समुद्रापासून दूरच्या गांवीं मोडी रुमाल जमविणाऱ्या संग्राहकानें तर हा ग्रंथ विशेष सावधपणें वाचावा, असें आम्हांस वाटतें.

प्रथम ग्रंथकर्त्याचें चरित्र पहावें. लो यांचा जन्म १८३७ चा. १८५३ मध्यें ते कंपनीच्या आरमारांत शिरले. पूर्वीं ‘बॉम्बे मरीन’ म्हणविणाऱ्या या दलास १८३० मध्यें ‘इंडियन नेव्ही’ हें नांव मिळालें व ३० एप्रिल १८६३ रोजीं तें मोडण्यांत आलें. दल गेलें, तशी लो यांची त्यांतील नोकरीहि संपली. चौदा वर्षांनीं त्यांनीं लिहिलेला हा इतिहास म्हणजे मोडलेल्या घराची एका पुत्रानें राखलेली आठवण होय. ग्रंथाचें बळ व व्यंग दोन्ही यांतच आहेत.

बळ असें कीं, १८३० मध्यें मुंबईहून सुवेझास गेलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट, मोर्सबी यांची तांबड्या समुद्राची पाहणी, हेन्स यांनीं १८३९ मध्यें घेतलेलें एडन, हे विषय स्वकीय दलाच्या माहितगारानें लिहिलेले आहेत. तेथें लो यांचा आधार अवश्य घ्यावा.

व्यंग आंग्ऱ्यांच्या प्रकरणीं दिसतें. ज्या दलानें १८०९ व १८१९ मध्यें इराणी आखातांत रास-अल-खैमावर मोहिमा केल्या, त्याच्या इतिहासकारास कोंकणच्या किनाऱ्यावरहि चांचेच दिसावे, हें नवल नव्हे. परंतु कान्होजी हे छत्रपतींचे सरखेल होते, व दस्तक देऊन जहाजांस वाट देत. पोर्तुगीजांचा ‘कार्ताझ’ किंवा इंग्रजांचा परवाना हा जर सत्तेचा हक्क, तर आंग्ऱ्यांचें दस्तक चोरी कसें?

याहून मोठा दोष असा कीं, ‘चांचा’ या एका शब्दानें १७५५-५६ चा खरा प्रश्न झांकला जातो. तुळाजीनें पेशव्यांचें वर्चस्व झुगारलें, हें खरें. नानासाहेबांनीं इंग्रजांस हातीं धरलें; १७५५ मध्यें जेम्स यांनीं सुवर्णदुर्ग घेतला; फेब्रुवारी १७५६ मध्यें वॉटसन व क्लाइव्ह यांनीं विजयदुर्ग घेतला. तेथें आंग्ऱ्यांचीं जहाजें जळालीं, व सुमारें दहा लाखांची लूट विजेत्यांनींच वांटून घेतली. करार असतांहि किल्ला महिनेच्या महिने न सोडतां, पुढें ऑक्टोबरांतील तहानें बाणकोट पदरीं पाडून मगच इंग्रजांनीं तो दिला. तुळाजीस चांचा म्हटलें कीं मुंबईकरांची लूट पोलिसी कार्य ठरते, आणि स्वतःचें आरमार परक्याकडून बुडविण्याचा पुण्याचा दोषहि धुतला जातो. आपणांस हा शब्द दुहेरी महाग आहे.

म्हणून आमची विनंति इतकीच. आरमारी मजकुराचा कागद हातीं आल्यास वेष्टनावर ‘चांचेगिरी’ असा शेरा मारूं नये. ‘सरखेल’, ‘दस्तक’, ‘आरमार’ हे कागदांतीलच शब्द लिहावे. चुकीचा शेरा पडलेला कागद शोधणाऱ्यास सांपडत नाहीं, व तो हरवल्यासारखाच होतो. लो यांनीं आपल्या दलाशीं इमान राखलें. आपण आपल्या कागदांशीं राखावें.