मे ते मे

कागद एकच, तोही एका बाजूने छापलेला. बिझनेस स्कूलच्या अर्जाला जोडायचा रेझ्युमे पानाबाहेर जाऊ द्यायचा नाही, असा शिरस्ता आहे. ओळखीतली मुलं असे कागद माझ्याकडे आणतात. नोकरभरतीत आयुष्य गेलं, आता फुकट सल्ला द्यायची खोड जात नाही. त्यातला एक कागद मी अलीकडे तीनदा-चारदा काढून वाचला. तो ज्या मुलीचा, तिची परवानगी घेतली आहे. तिचं आणि डेअरीचं नाव गाळलं आहे. मूळ मजकूर इंग्रजी, इथे मराठीत सांगतो.

बहुतेक रेझ्युमे मला आरतीसारखे वाटतात. चाल ठरलेली, टाळ्या कुठे वाजवायच्या तेही ठरलेलं. ‘नेतृत्व केलं’, ‘घडवून आणलं’, ‘३० टक्क्यांनी वाढवलं’. हिंजवडीतल्या चार मुलांचे कागद घेऊन वरची नावं अदलाबदल करा, त्यांच्या आयांनाही पत्ता लागणार नाही. याला लेखणी काय करणार? पहिली वर्षं आली ती नोकरी आणि मिळेल तो प्रोजेक्ट अशी गेली असतील, तर अर्ज लिहायला बसल्यावर शब्दांना धरायला जागाच सापडत नाही. अमेरिकेतल्या नामांकित स्कूलांत जाणाऱ्यांच्या गाठीला साधारण पाच वर्षांचा अनुभव असतो. अहमदाबादच्या आयआयएमचा पीजीपीएक्स अभ्यासक्रम किमान चार वर्षं मागतो. कागदावरची पहिली ओळ तेव्हाच, चार-पाच वर्षं आधी ठरून गेलेली असते.

या कागदावरची पहिली ओळ अशी : मेकॅनिकल इंजिनिअर, खासगी डेअरी, दूध संकलन, जत तालुका. बाकी काही नाही. कॅम्पसमधून आयटी कंपनीचं पत्र तिच्याही हातात होतं, हे मला तिच्या आईकडून कळलं. कागद त्याबद्दल गप्प आहे, आणि ते बरंच झालं. सोडलेल्या नोकरीची जाहिरात करणाऱ्यांचा मला कंटाळा आहे.

त्याखालची ओळ मात्र थांबून वाचण्यासारखी आहे : ‘३१ संकलन केंद्रं. मे महिन्यातलं रोजचं संकलन ११,२०० लिटरवरून पुढच्या मे महिन्यात १३,१०० लिटर.’

टक्केवारी काढली तर सतराच्या आसपास येते. तिने काढलेली नाही. पण खरी गंमत ‘मे’ या एका अक्षरात आहे. दूधधंद्यात वर्षाचे दोन भाग पडतात, पुष्ट काळ आणि कृश काळ. पावसाळा सरला की हिरवा चारा, थंड हवा, व्यालेल्या गाई. दूध आपोआप वाढतं, केंद्रावर कॅन ठेवायला जागा उरत नाही. उन्हाळ्यात चारा संपतो, गाई आटतात आणि जतसारख्या दुष्काळी भागात तर पाण्यासाठीही टँकर येतो. जूनचा आकडा जानेवारीच्या आकड्याशेजारी ठेवला की कोणीही पराक्रमी दिसतो. असे पराक्रम मी शेकड्यांनी वाचले आहेत. या पोरीने वर्षातला सगळ्यात वाईट महिना निवडला आणि तो त्याच वाईट महिन्याशी ताडून पाहिला. आपल्या साहित्यशास्त्रात व्यंजना म्हणतात ती हीच. सांगितलंय लिटर, कळतो स्वभाव.

पुढची ओळ त्याहून रुक्ष. ‘९ केंद्रांवर फॅट मोजणी सदोष. दर सोमवारी शेतकऱ्यांसमोर यंत्राची तपासणी.’ गाईच्या दुधाचा दर आपल्याकडे ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) या पायावर ठरतो. त्याखाली पॉइंट उतरला की दर कापला जातो. यंत्र नीट धुतलेलं नसलं, जुळवलेलं नसलं, की पॉइंटचा घोळ होतो आणि भुर्दंड गोठ्याला बसतो. शेतकरी भांडत नाही. दुसऱ्या दिवशी किटली घेऊन समोरच्या डेअरीच्या केंद्रावर जातो, बस्स. म्हणजे वाढलेले एकोणीसशे लिटर कुठून आले, याचं उत्तर या ओळीत आहे. दोन ओळींच्या मध्ये ‘त्यामुळे’ हा शब्द नाही. एखादा नवशिका तो घातल्याशिवाय राहिला नसता.

त्यापुढची ओळ मी पहिल्या वाचनात चुकवली होती. ‘मुख्य कार्यालयातली बदली स्वतःच्या विनंतीवरून सहा महिने पुढे.’ बदली डिसेंबरात होती. तिला पुढचा मे बघायचा होता! पुण्यातली एसी केबिन, वरिष्ठांसमोर प्रेझेंटेशनं, हे सगळं अर्जाला शोभणारं. सल्लागार लोक मुलांना तेच घ्यायला सांगतात. तिने उन्हाळा घेतला. अर्जाच्या दृष्टीने हा तिचा सगळ्यात हुशार निर्णय ठरला, पण तेव्हा तिच्या डोक्यात अर्ज नव्हता, असं ती म्हणते. मी विश्वास ठेवतो.

बॉस्टनमध्ये बसून अर्ज वाचणाऱ्याला कृश काळ कुठून कळणार? ते काम निबंधाचं. हार्वर्डने २०२४ पासून एका मोकळ्या निबंधाच्या जागी तीन छोटे प्रश्न ठेवले, त्यातला धंद्याविषयीचा ३०० शब्दांचा. ते बहुतेक शब्द तिने एका सोमवारच्या सकाळवर खर्च केले आहेत.

शिफारसपत्र पाहायला मिळत नाही, पाहूही नये. पण ते लिहिणारे संकलन अधिकारी माझ्या परिचयाचे निघाले आणि लिहिण्याआधी त्यांनीच मला फोन केला. अनेक स्कूलं शिफारस करणाऱ्याला एकसारखाच प्रश्न विचारतात : तुम्ही या व्यक्तीला सगळ्यात महत्त्वाची कोणती चूक दाखवली, आणि पुढे तिने काय केलं? डेअरीच्या मालकाकडून पत्र घेतलं असतं तर इथेच पंचाईत होती, कारण मालकाने तिला कधी झापलेलंच नाही. या अधिकाऱ्यांनी झापलं होतं. एका केंद्रचालकाला तिने चारचौघांत खोटारडा ठरवलं, आणि यंत्र खरंच बिघडलेलं निघालं. ‘तुझं बरोबर होतं, पण तो माणूस आता दहा वर्षं तुझं ऐकणार नाही,’ असं हे तिला म्हणाले. सोमवारची तपासणी सगळ्यांसमोर पण कोणावर बोट न दाखवता करायची, ही पद्धत त्यातून निघाली. इंग्रजी नीट येत नाही म्हणून ते घाबरले होते. मी म्हटलं, साहेब, आहे तसं लिहा.

आता डाग. तळाशी ‘सामाजिक कार्य’ म्हणून एक ओळ आहे : शनिवारी वस्तीतल्या मुलांना गणित शिकवते, सुरुवात दोन महिन्यांपूर्वी. अर्जाच्या हंगामात उगवलेली ही ओळ वरच्या ओळींच्या पंगतीत पाहुण्यासारखी अवघडून बसली आहे. काढ म्हटलं. ‘काका, सगळे टाकतात,’ असं उत्तर आलं. मग राहू दिली.

आणि शेवटची ओळ, भाषा. मराठी, हिंदी, इंग्रजी, ‘कन्नड (व्यवहारापुरती)’. जतच्या पूर्वेकडच्या गावांत घराघरांत कन्नड बोलतात. मी विचारलं, व्यवहारापुरती म्हणजे किती? तिने बोटांवर मोजले. हालु म्हणजे दूध. नीरु म्हणजे पाणी. दुड्डु म्हणजे पैसे. रात्री मेसेज आला, काका, एक राहिला. नाळे. म्हणजे उद्या. दहा दिवसांचं बिल थकलं की तिला हाच शब्द रोज वापरावा लागायचा.