जे गळाले, ते तक्त्यात कुठे आहेत? नवख्यांवरचा एक गाजलेला प्रयोग वाचताना

कॉलेजात असताना मी कबड्डी खेळायचे. संघात नवीन आलेल्या मुलींनी पहिले दोन महिने सीनियर मुलींच्या बाटल्या भरायच्या, मॅट अंथरायची-उचलायची आणि सराव संपला की सगळ्यांसमोर उभं राहून काहीतरी ‘करून दाखवायचं’ अशी पद्धत होती. काय करून दाखवायचं, ते सीनियरच्या मूडवर. कोणी तक्रार केली तर उत्तर ठरलेलं असायचं, “यानेच टीम बनते गं.” आमच्या सात जणींपैकी दोघी तिसऱ्या आठवड्यात यायच्या बंद झाल्या. उरलेल्या पाच जणी आजही एकमेकींच्या घरच्या कार्याला जातो. त्यामुळे ते वाक्य खरंच असावं, असं मलाही बरीच वर्षं वाटत होतं.

पीएच.डी.ला आल्यावर कळलं, की या वाक्याला चक्क एक संदर्भ आहे. इलियट ॲरन्सन आणि जडसन मिल्स यांचा १९५९ सालचा शोधनिबंध. नवख्यांना संघात, कंपनीत किंवा सैन्यात कसं सामावून घेतात, यावर तुम्ही काहीही वाचायला घ्या, दुसऱ्या-तिसऱ्या पानावर हा निबंध भेटतोच. आणि बहुतेक ठिकाणी एकाच वाक्यात उरकलेला असतो: ‘प्रवेश जितका खडतर, तितकी गटाची ओढ जास्त.’ आज या वाक्याची आपण जरा झडती घेऊ. निबंध वाईट आहे म्हणून नाही. उलट तो चांगला आहे, म्हणूनच त्याच्या नावावर काय काय खपवलं जातं हे बघण्यासारखं आहे.

प्रयोग नेमका काय होता?

आधी निबंधाची बाजू नीट मांडू. टीका करायची तर हे पहिलं काम, आणि आपण विद्यार्थी नेमकं हेच टाळतो.

कॉलेजातल्या ६३ मुली होत्या. त्यांना सांगितलं गेलं, की लैंगिकतेच्या मानसशास्त्रावर चर्चा करणारा एक गट आहे, त्यात तुम्हाला यायचंय. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची तीन भागांत वाटणी केली, प्रत्येकी २१. एका भागातल्या मुलींना आधी पुरुष संशोधकासमोर बारा अश्लील शब्द आणि कादंबऱ्यांतली दोन उघडीवाघडी वर्णनं मोठ्याने वाचायला लावली. दुसऱ्या भागाला पाच साधे, विषयाशी संबंधित पण अश्लील नसलेले शब्द वाचायला दिले. तिसऱ्या भागाला काहीच नाही, थेट प्रवेश. मग सगळ्यांना हेडफोनवर गटाची ‘चालू चर्चा’ ऐकवली. ती होती आधीच ध्वनिमुद्रित केलेली, प्राण्यांच्या लैंगिक वर्तनावरची आणि मुद्दाम कंटाळवाणी बनवलेली. शेवटी विचारलं, चर्चा कशी वाटली, माणसं कशी वाटली?

चर्चेला मिळालेल्या गुणांची सरासरी अशी: थेट प्रवेशवाल्या ८०.२, सौम्य परीक्षावाल्या ८१.८, खडतर परीक्षावाल्या ९७.६. म्हणजे पहिल्या दोन गटांत फरक नावापुरता, आणि तिसऱ्यात मोठी उडी.

लेखकांचं स्पष्टीकरण लिऑन फेस्टिंगरच्या कॉग्निटिव्ह डिसोनन्स या सिद्धांतातून येतं. ‘मी एवढी लाज पत्करली’ आणि ‘गट तर रटाळ निघाला’ या दोन गोष्टी मनात एकत्र नांदत नाहीत. पत्करलेली लाज मागे घेता येत नाही, मग माणूस गटालाच चांगलं म्हणू लागतो.

वाटणी यादृच्छिक असल्याने ‘ज्यांना आधीच ओढ होती त्यांनीच त्रास सोसला’ हा आक्षेप इथे लागू होत नाही. साध्या सर्वेक्षणाला हे कधीच जमलं नसतं. लाजेऐवजी उत्तेजनाचा परिणाम असेल, अशी शंका नंतर काहींनी काढली. हॅरॉल्ड जेरार्ड आणि ग्रोव्हर मॅथ्यूसन यांनी १९६६ मध्ये शब्दांऐवजी विजेचे झटके वापरून बघितले, तरी परिणाम दिसलाच. आणि तो तेव्हाच दिसला, जेव्हा झटका गटात येण्याची अट म्हणून दिला होता. तेव्हा हा प्रयोग हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

मग अडतं कुठे?

पहिली गोष्ट. त्या प्रयोगात गट नव्हताच. एक टेप होती. कोणी कोणाला भेटलं नाही, उद्या पुन्हा भेटायचं नव्हतं. मोजली गेली ती एका दुपारची, एका ध्वनिमुद्रणाबद्दलची पसंती. ‘रुळणं’ आपण कशाला म्हणतो? काम जमू लागणं, कोणाला काय विचारायचं ते कळणं, डबा खाताना जागा मिळणं, सहा महिन्यांनी अजून तिथे असणं. यातलं एकही त्या प्रश्नावलीत नाही. लेखकांनी तसा दावाही केलेला नाही. दावा आपण केला, त्यांचा हवाला देऊन.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. त्या मुलींना त्रास दिला संशोधकाने, गटाने नाही. टेपवरच्या माणसांनी त्यांचं काही वाकडं केलं नव्हतं. कबड्डीच्या मैदानावर मात्र मला जी नाचायला लावते, तिचाच हात धरून मला उद्या साखळी करायचीय. त्रासाला चेहरा असला की हिशोब बदलतो. हाइन लोडेवाइक्स आणि जोसेफ सिरोइट यांनी १९९७ मध्ये नेदरलँड्समधल्या विद्यार्थी-संघटनेच्या खऱ्याखुऱ्या प्रवेशविधीचा अभ्यास केला. खडतरपणामुळे ओढ वाढल्याचं त्यांना आढळलं नाही. उलट एकटेपणा आणि उदासी वाढली आणि त्यातून ओढ कमी झाली. ओढ ज्यामुळे वाढली, ते होतं नवख्यांचं आपापसात जुळणं. आता माझ्या पाच मैत्रिणींचा हिशोब पुन्हा मांडा. आम्ही एकमेकींना धरून राहिलो. त्याचं श्रेय सीनियरने का घ्यावं?

अमेरिकेतल्या एका फ्रॅटर्निटीत ॲल्डो चिमिनो आणि बेंजामिन थॉमस यांनी नवख्यांच्या सहा तुकड्या, प्रवेशविधी चालू असतानाच, पुन्हा पुन्हा मोजल्या. हा अभ्यास २०२२ चा. हेझिंगने एकजूट वाढते याला पुरावा मिळाला तो अगदी तोकडा.

तिसरी गोष्ट सिद्धांताच्या आतलीच आहे. डिसोनन्स व्हायला ‘हे मी स्वतःहून निवडलं’ असं वाटायला हवं. सक्ती असेल तर मनाला आयतं कारण मिळतं, ‘काय करणार, करावंच लागलं.’ म्हणजे होस्टेलला दुसरा पर्यायच नसलेल्या मुलाचं रॅगिंग या सिद्धांताच्या कक्षेत धड येतच नाही. तरी रॅगिंगचं समर्थन करताना लोक हाच तर्क पुढे करतात. महाराष्ट्राने रॅगिंगविरोधी कायदा १९९९ मध्ये केला, यूजीसीचे नियम २००९ मध्ये आले. पण “त्याने ओळखी होतात” हे वाक्य अजून गेलेलं नाही. तुम्ही शोधनिबंधाचा निष्कर्ष त्याच्या अटी वगळून उद्धृत करता, तेव्हा अशा वाक्यांना नकळत टेकू देता.

“पण सैन्यात तर हेच करतात ना?”

हा प्रश्न प्रत्येक सादरीकरणात येतो. उत्तर तयार ठेवा.

सैन्यात नवख्याचं जुनं रूप उतरवतात हे खरं. सॅनफर्ड डॉर्नबुश यांनी १९५५ मध्ये अमेरिकेच्या कोस्ट गार्ड अकादमीबद्दल, तिथे स्वतः कॅडेट असतानाच्या अनुभवावरून लिहिलं. नव्या मुलांना पहिले दोन महिने बाहेर जायला बंदी, सगळ्यांना एकच गणवेश, घरून पैसे मागवायचे नाहीत, घरच्या श्रीमंतीबद्दल बोलायचं नाही. पण या यादीकडे नीट बघा. यात नुसता त्रास नाही, बरोबरीही आहे. कोण कुठून आला हे पुसून सगळ्यांना एका रेषेवर उभं केलंय.

जॉन व्हॅन मानेन आणि एडगर शाइन यांनी १९७९ मध्ये नवख्यांना घडवण्याच्या पद्धतींचे सहा अक्ष मांडले, ते इथे कामी येतात. नवख्यांना एकत्र घडवता की एकेकट्याने? वेगळ्या प्रशिक्षणात की थेट कामावर? पायऱ्या ठरलेल्या आहेत की नाहीत? वेळापत्रक माहीत आहे की नाही? शिकवायला कोणी अनुभवी आहे की नाही? आणि शेवटचा, तू जसा आहेस तसा चालशील, की आधी तुला मोडायचंय? सैनिकी प्रशिक्षणात ‘मोडणं’ आहे. पण सोबत एकत्र असणं आहे, ठरलेल्या पायऱ्या आहेत, ठरलेला शेवट आहे, कसम परेडचा दिवस आहे, आणि शिकवणारा उस्ताद स्वतः ते करून आलेला आहे. सहा गोष्टी एकाच गाठोड्यात. मग एकजुटीचं श्रेय गाठोड्यातल्या फक्त अपमानाला कसं द्यायचं? आमच्या कबड्डीच्या संघाने बाकीच्या पाच गोष्टी सोडून नेमकी तीच एक उचलली होती.

कामाच्या ठिकाणचे अभ्यास तर दुसरीच दिशा दाखवतात. गॅरेथ जोन्स यांनी १९८६ मध्ये एमबीए होऊन नोकरीला लागलेल्यांचा अभ्यास केला. नवखा स्थिरावण्यात अनुभवी माणसाची सोबत आणि ‘तू आमच्यातला आहेस’ हा आधार यांचा वाटा सर्वांत मोठा निघाला. मात्र इथेही सावध राहा. ठरीव, साचेबद्ध पद्धतीने रुळलेली माणसं काम आहे तसंच करत राहण्याकडे झुकतात, हेही जोन्स यांनाच दिसलं होतं. नीट रुळणं आणि नवं काही करणं ही दोन वेगळी मापं आहेत.

माझ्या तक्त्यातली रिकामी जागा

इथवर वाचून मी फार हुशार आहे असं वाटत असेल, तर आता खरं सांगते.

माझा प्रबंध गोदामात नव्याने लागलेल्या कंत्राटी कामगारांवर आहे. पहिल्या टप्प्यात मी सहा महिने पूर्ण केलेल्या कामगारांकडून प्रश्नावली भरून घेतली. ‘पहिला महिना किती जड गेला?’ आणि ‘ही जागा किती आपली वाटते?’ दोन्हींचा संबंध सकारात्मक आला. ज्यांना जड गेलं त्यांना आपलेपणा जास्त. मी खूश. ॲरन्सन-मिल्सचा संदर्भ टाकला, स्लाइड सजवली.

आरएसीच्या बैठकीत बाहेरून आलेल्या मॅडमनी एकच विचारलं, “पहिल्याच महिन्यात सोडून गेलेले यात कुठे आहेत?”

कुठेच नव्हते. ज्यांना जड गेलं आणि आपलंही वाटलं नाही, ते सहा महिने थांबलेच नसणार. म्हणजे तक्त्याचा तो कोपरा मी गोळा करायच्या आधीच रिकामा झाला होता, आणि त्या रिकाम्या कोपऱ्यामुळेच संबंध सकारात्मक दिसत होता. बघा, मूळ प्रयोगात ही चूक नाही, कारण तिथे खडतर वाट कोणाला द्यायची हे संशोधकाने ठरवलं होतं. त्याचा निष्कर्ष मी अशा ठिकाणी लावला, जिथे माणसं निघून जाऊ शकतात आणि जातात.

संघातल्या त्या दोघी मला त्याच बैठकीत आठवल्या. “यानेच टीम बनते” हे आम्ही पाच जणी म्हणतो. त्यांना कोणी विचारलंच नाही. मीसुद्धा नाही.

हेझिंगची नुसती मोजदादही किती निसरडी आहे, याचं एक उदाहरण. आल्फ्रेड विद्यापीठाने १९९९ मध्ये अमेरिकेतल्या कॉलेज खेळाडूंचं सर्वेक्षण केलं. ‘तुमचं हेझिंग झालं का?’ याला सुमारे १२ टक्क्यांनी हो म्हटलं. पण एकेका कृतीबद्दल विचारलं तेव्हा अशी किमान एक गोष्ट सोसलेले निघाले सुमारे ८० टक्के. तुमची प्रश्नावली नाव विचारते की कृती, यावर सगळं अवलंबून आहे.

आता मी काय करतेय? ठेकेदाराच्या हजेरीपटावरून सोडून गेलेल्यांची यादी मिळवली, नीतिसमितीची नव्याने परवानगी घेतली आणि फोन लावतेय. बरेच नंबर बंद आहेत. काहीजण बोलतात. एकजण म्हणाला, “मॅडम, काम जड नव्हतं हो. जेवायच्या सुट्टीत कुणासोबत बसायचं तेच कळायचं नाही.” माझ्या प्रश्नावलीत ‘जड’साठी पाच पर्याय होते, यासाठी एकही नव्हता. वेळापत्रक सात-आठ महिने पुढे गेलंय. गाइड नाराज आहेत, पण नाही म्हणाले नाहीत.

तुम्ही सिनॉप्सिस लिहीत असाल तर कुठलाही ‘गाजलेला’ निबंध उद्धृत करण्याआधी तीन गोष्टी वहीत लिहा. त्यात मोजलं नेमकं काय, किती वेळाने? त्रास देणारा कोण होता, आणि ज्याला दिला त्याला नाही म्हणता येत होतं का? आणि तुमच्या नमुन्यात यायच्या आधीच कोण कोण निघून गेलं असेल? तिसऱ्याचं उत्तर ‘माहीत नाही’ असेल, तर प्रश्नावली छापायच्या आधी हजेरीपट मागा. मी छापल्यानंतर मागितला.