कॉयरची तालीम : गोवा-वसईचे चर्चगायन आखातात

आखाती देशांत कोंकणी किंवा मराठी मिस्सेच्या आधी कॉयरच्या बाकांवर येऊन बसणारी माणसे एरवी कुठे हॉटेलच्या स्वयंपाकघरात, कुठे इस्पितळाच्या वॉर्डात, कुठे तेलकंपनीच्या कचेरीत राबत असतात. संगीतावर पोट असलेला त्यांच्यात क्वचितच कोणी सापडेल. तरीही चार आवाजांतले गाणे त्यांच्या गळ्यातून सुरात उतरते. यामागे घरून सोबत आलेली एक जुनी शिस्त आहे, ती म्हणजे तालीम.

गोव्यात ही शिस्त चर्चला जोडलेल्या पॅरिश शाळांनी लावली. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीज मिशनऱ्यांनी काढलेल्या या शाळांत प्रार्थना आणि अक्षरओळख यांच्या जोडीने गाणे शिकवले जाई. शिकवणारा ‘मेस्त्र’ सहसा चर्चच्या कॉयरचाही प्रमुख असे. स्वरलिपी बघून सूर नावानिशी म्हणणे, म्हणजे सोल्फा, हा तिथला पाया. दो-रे-मी ही सुरांची नावे मुळात अकराव्या शतकातल्या गीदो द’आरेत्सो या इटालियन भिक्षूने संत जॉन बॅप्टिस्टच्या एका लॅटिन स्तोत्राच्या ओळींवरून घेतली. पहिल्या ‘उत’चा ‘दो’ पुढे झाला. ज्या संताच्या सणाला, म्हणजे सांजावला, गोव्यात मुले विहिरींत उड्या मारतात, त्याच संताच्या स्तोत्रातून गोंयकारांच्या पिढ्या सूर ओळखायला शिकल्या.

या शाळांचे ऋण चर्चच्या भिंतींपुरते राहिले नाही. माजोर्ड्याच्या चर्चमधल्या कॉयरमास्तरांचा मुलगा अँथनी गोन्साल्विस वडिलांकडे शिकून मुंबईच्या चित्रपटसृष्टीत व्हायोलिनवादक आणि संगीतसंयोजक झाला. संगीतकार प्यारेलाल त्यांचे शिष्य, आणि १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मधले नायकाचे नाव सांगणारे गाणे ही शिष्याने गुरूला दिलेली सलामी. उपवासकाळात गायले जाणारे गोव्याचे मोतेतही याच शिक्षणाचे फळ आहेत. तिसऱ्या आणि सहाव्या सुरांच्या अंतराने एकमेकांना बिलगून चालणारे त्यांतले आवाज मांडो या गोव्याच्या गीतप्रकारातही ऐकू येतात. त्यामुळे गोंयकाराच्या कानाला दुसरा आवाज परका नसतो, आणि कॉयरमास्तरचे निम्मे काम तिथेच हलके होते.

वसईची वाट थोडी वेगळी. पोर्तुगीज सत्ता तिथे १५३४ ते १७३९ अशी दोन शतके होती. सत्ता गेली तरी चर्च आणि लॅटिन मिस्सा टिकली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज मंजूर केला आणि लोकभाषांना वेदीवर जागा मिळाली. मग वसईची मिस्सा मराठीत आली, हार्मोनियम-तबला आला, भजनाच्या चालींवर बेतलेली गाणी आली. त्यामुळे आखातातल्या एखाद्या कॉयरमध्ये गोव्याचा सोल्फा आणि वसईचे भजन एकाच बाकावर बसतात. हा संगम फार मोलाचा आहे, पण तालमीत तो अडचणही करतो. गोव्याच्या पद्धतीत ‘दो’ पक्का असतो, म्हणजे पांढरी एकच. भजनातला ‘सा’ पट्टीप्रमाणे सरकतो. जी मेजरमधल्या गाण्याचा मूळ सूर गोंयकार ‘सोल’ म्हणतो, वसईकर ‘सा’ म्हणतो, आणि इंग्रजी शाळेत सरकता सोल्फा शिकलेली मुलगी ‘दो’ म्हणते. तिघेही बरोबर असतात. कोणती नावे वापरायची हे पहिल्याच तालमीत ठरवलेले बरे, नाहीतर पुढचे सहा महिने एकच चूक दुरुस्त होत राहते.

बहरीनमध्ये मनामाचे सेक्रेड हार्ट चर्च १९३९ साली उभे राहिले. आधुनिक काळातले आखातातले ते पहिले कॅथलिक चर्च मानले जाते. कुवेतचे होली फॅमिली कॅथीड्रल १९६१ मधले. अशा चर्चच्या एकाच आवारात अनेक भाषांच्या मिस्सा एकामागून एक चालतात आणि तालमीला खोली मिळते ती तासांच्या हिशेबाने. ज्या देशांत सुट्टी शुक्रवारी असते तिथे रविवारची उपासना शुक्रवारीच साजरी करण्याची मुभा आहे, म्हणजे गाणी गुरुवारी रात्रीपर्यंत पक्की हवीत. त्यात कोणाची रात्रपाळी, कोणाचा बसचा दोन तासांचा प्रवास. अशा ठिकाणी तालमीचे दीड तास वाया घालवणे म्हणजे दुसऱ्याच्या झोपेचे तास वाया घालवणे होय. म्हणून चांगला कॉयरमास्तर तालमीची तयारी तालमीच्या आधी करतो.

ही तयारी सुरू होते ती दिनदर्शिकेपासून. रविवारच्या वाचनांचे चक्र तीन वर्षांचे, अ, ब आणि क असे असते आणि नवे वर्ष नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी उघडते. आधी वाचने वाचावीत, मग गाणी निवडावीत. प्रवेशगीत, अर्पणगीत, ख्रिस्तप्रसादाच्या वेळचे गीत आणि समारोपाचे गीत यांना निवडीची मोकळीक असते. प्रतिसाद स्तोत्र मात्र त्या दिवसाच्या पहिल्या वाचनाशी जोडलेले असते. आगमनकाळात ग्लोरिया हे गौरवगीत गात नाहीत. उपवासकाळात ग्लोरियाही नाही आणि आलेलुयाही नाही, आणि वाद्ये गाण्याला आधार देण्यापुरतीच वाजतात. चाल गोड आहे म्हणून उपवासकाळात आलेलुयाचे गाणे घुसवणे ही चूक आवाज कितीही सुरेल असला तरी झाकत नाही. संपूर्ण महिन्याची यादी आधी हाती दिली की सदस्यांना घरी, गाडीत, पाळीच्या मधल्या वेळात शब्द चाळता येतात.

पट्टीही आधीच ठरवावी. मिस्सेत लोकांनी गायचे असते. व्हॅटिकनच्या १९६७ च्या ‘मुझिकाम साक्राम’ या सूचनेतही लोकांच्या सहभागावर भर आहे. वरच्या सप्तकातल्या पांढरी दोनच्या पुढे गाण्याचा सूर गेला की बाकांवरचे लोक गप्प होतात. सोप्रानोला चढा सूर शोभतो म्हणून सगळे गाणे उंच उचलणाऱ्या कॉयरला लोकांची दाद मिळते, साथ मिळत नाही. मिस्सेत हवी असते ती साथ.

तालीम ठरल्या वेळी सुरू व्हावी, दहाच जण आले असले तरी. उशिरा येणाऱ्यासाठी थांबले की पुढच्या आठवड्यात वेळेवर येणारेही उशिरा येतात. आरंभी छोटी प्रार्थना, मग दहा मिनिटे गळा मोकळा करणे: खांदे सैल, श्वास पोटातून, आधी ओठ मिटून गुणगुण, मग ओठांची थरथर, मग अ-आ-इ-ए-ओ एकाच सुरावर. आखातातल्या वातानुकूलित खोल्यांत गळा लवकर कोरडा पडतो. साध्या तापमानाचे पाणी जवळ असावे आणि यंत्राचा झोत थेट गाणाऱ्यांवर येऊ नये. गळा तापल्यावर सर्वांत अवघड गाणे घ्यावे, कारण तेव्हा मने ताजी असतात. ओळखीचे गाणे शेवटी. घरी जाताना ओठांवर काहीतरी चांगले राहिले पाहिजे.

नवे गाणे शिकवताना बहुतेक कॉयर सूर आणि शब्द एकदमच धरतात आणि दोन्हीत अडखळतात. त्यापेक्षा शब्द आधी लयीत नुसते बोलावेत, मग सूर ‘ला’वर म्हणावेत, मग दोन्ही एकत्र करावेत. चारही आवाज वेगवेगळे बसवताना बाकीचे तीन रिकामे बसू नयेत. बास शिकत असताना सोप्रानोने स्वतःची ओळ मनात वाचावी आणि श्वासाच्या खुणा पेन्सिलीने कराव्यात. पेन्सिल ही कॉयरमधली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित वस्तू आहे. एकदा ठरवलेला श्वास कागदावर आला नाही तर पुढच्या तालमीत त्याच ओळीवर तीस जण तीस ठिकाणी थांबतात. प्रत्येक आवाजाची ओळ फोनवर ध्वनिमुद्रित करून गटावर पाठवण्याची सोय आता सर्वत्र झाली आहे. ज्याला पाळीमुळे तालीम हुकते त्याला तिचा मोठा आधार आहे. पण एकमेकांचा सूर ऐकत गाणे फोनवर शिकता येत नाही.

सूर उतरणे हा हौशी कॉयरचा नेहमीचा आजार. तो पकडायची साधी युक्ती अशी: ऑर्गन बंद करून एक कडवे म्हणायचे आणि शेवटच्या सुरावर पट्टी पुन्हा दाबायची. फरक सगळ्यांच्याच कानाला बोचतो. कारण बहुधा संपत आलेल्या श्वासात किंवा आवळलेल्या जबड्यात सापडते. खाली येणाऱ्या ओळीत तर सूर हमखास घसरतो, कारण उतरताना आधार सोडून देण्याकडे शरीराचा कल असतो. ‘अजून वर’ असे ओरडल्याने गळे जास्तच आवळतात. ओळ अर्ध्या गतीने, हलक्या आवाजात, पूर्ण श्वास घेऊन म्हणावी, सूर आपोआप जागेवर येतो. मोठा आवाज असणाऱ्याला पुढे बसवण्याचा मोहही टाळावा. तो मागे बसला की त्याचा आवाज इतरांवरून वाहतो आणि नवख्यांना मागून आधार मिळतो.

परदेशात वाढलेल्या मुलांसाठी सर्वांत जास्त वेळ द्यावा लागतो तो उच्चारांना, आणि ही कला टिकणार की नाही याची खरी कसोटी इथेच आहे. ‘मेंढपाळ’ हा शब्द मिस्सेत वारंवार येतो. दुबईत किंवा कुवेतमध्ये शाळेत जाणारे मूल तो ‘मेंढपाल’ म्हणते. ‘चरण’मधला च आणि ‘वाचव’मधला च वेगळे आहेत हे त्याला कोणी सांगितलेले नसते. कोंकणीत ‘आमकां’, ‘तुमकां’ यांच्या शेवटचा अनुनासिक स्वर लांब सुरावर आला की काही जण सुरुवातीपासूनच नाकात गातात. स्वर आधी मोकळा ठेवून अनुस्वार शेवटी आणला की शब्द स्वच्छ राहतो. मराठीत आणखी एक खाच आहे. ‘देव’ हा शब्द लांब सुरावर धरायचा तर ‘दे’वरचा ए लांबवावा आणि ‘व’ शेवटी मिटावा. ‘व’ लांबवला तर ऐकणाऱ्याला ‘देवा’ ऐकू येते, आणि देवाविषयी बोलणारी ओळ देवाला हाक मारू लागते. कोंकणी शब्द रोमी लिपीत आणि मराठी देवनागरीत लिहिले जातात; एक लिपी न येणाऱ्याला दुसऱ्या लिपीतला कागद द्यावा, पण उच्चार कागदावरून नव्हे, जाणत्याच्या तोंडून घ्यावा. अशा वेळी आजी-आजोबा भेटीला आलेले असतील तर त्यांना तालमीला जरूर बोलवावे. त्यांच्या एका वाचनाने जे होते ते दहा सूचनांनी होत नाही.

पवित्र आठवड्याची तयारी वेगळीच धरावी लागते. पवित्र गुरुवारच्या ग्लोरियानंतर पास्काजागराच्या, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या, ग्लोरियापर्यंत वाद्ये फक्त गाण्याला सावरण्यापुरती वाजवता येतात, म्हणून अनेक कॉयर ती पूर्ण बंदच ठेवतात. वर्षभर कीबोर्डच्या कुशीत गाणारा कॉयर त्या तीन दिवसांत उघडा पडतो. यावर उपाय त्या आठवड्यात सापडत नाही. वर्षभर प्रत्येक तालमीत निदान एक गाणे वाद्याविना म्हणावे लागते. जागराच्या रात्री स्तोत्रेही पुष्कळ असतात. ती एकाच गायकावर न टाकता चार-पाच जणांत वाटून प्रत्येकाला महिनाभर आधी द्यावीत.

मिस्सेच्या दिवशी नवे काही शिकवू नये. अर्धा तास आधी जमावे, गळा मोकळा करावा, प्रत्येक गाण्याची पहिली ओळ आणि शेवट तेवढा म्हणून बघावा, आणि मिस्सा सुरू व्हायच्या पाच मिनिटे आधी गप्प बसावे. पाने चाळण्याचा आवाज, खुर्चीवरून खुणा, वाचन चालू असताना पुढच्या गाण्याची कुजबुज या गोष्टी बाकांवरून स्पष्ट दिसतात. कॉयर आधी प्रार्थना करणारा समुदाय आहे आणि लोक त्याच्याकडे बघून प्रार्थना करतात. प्रवचन ऐकणाऱ्या कॉयरचे पुढचे गाणे खरोखर वेगळे लागते.

२२ नोव्हेंबरला संगीतकारांची आश्रयदाती संत सेसिलिया हिचा सण येतो आणि त्याच सुमारास नाताळच्या तालमी सुरू होतात. जुन्या सदस्यांच्या वह्या बाहेर निघण्याचा हाच काळ. आखातातले वास्तव्य कायमचे नसते. नोकरी संपली की माणूस गावी परततो किंवा पुढे कॅनडा, इंग्लंड, ऑस्ट्रेलियाला जातो, आणि त्याच्याबरोबर एक टेनॉर आणि एक वहीही जाते. त्या वह्यांत हाताने उतरवलेले मोतेत, वसईच्या जुन्या चाली, दुसऱ्या आवाजाच्या कुठेही न छापलेल्या ओळी असतात. घरात अशी वही असलेल्या प्रत्येकाने येत्या नाताळाआधी तिच्या पानांचे फोटो काढून आपल्या कॉयरकडे द्यावेत, आणि कोणते गाणे कोणाकडून, कोणत्या गावी शिकले, हे पानाच्या कडेला लिहून ठेवावे.